मीटरवर टाकलेला पंचा: बोटीच्या पॅनेलचा उजेड कमी का आणि कसा करायचा

गेल्या मोसमात एका रात्री मी मावसभावाच्या बोटीवरून गोव्यातल्या मालीमहून शापोऱ्याला निघालो होतो. तो सुकाणूवर, समोर इंजिनचे पाच मीटर, आणि त्या मीटरांवर अंथरलेला एक ओला पंचा. दर दोन-तीन मिनिटांनी तो पंचाचं टोक उचलायचा, तापमानाचा काटा बघायचा आणि पुन्हा झाकायचा. विचारलं तर म्हणाला, "दादा, डोळ्यांत जातं रे. बटन फिरवून बघितलं, काही फरक पडत नाही."

बटन मी फिरवून बघितलं. खरंच काही फरक पडत नव्हता. वर्षभरापूर्वी त्याने मीटरांतले जुने फिलामेंटचे बल्ब काढून एलईडी टाकले होते. बॅटरी वाचते, बल्ब उडत नाहीत, सगळं खरं. पण त्या दिवसापासून उजेड कमी करायचं बटन शोभेचं झालं होतं. ही तक्रार मी जेट्यांवर इतक्यांदा ऐकली आहे, की एकदा सविस्तर लिहूनच टाकतो.

आधी हा उजेड एवढा त्रास का देतो ते बघू. पणजीसमोर मांडवीत असता तेव्हा काही जाणवत नाही. कॅसिनोंचा झगमगाट, अटल सेतूचे दिवे, किनाऱ्यावरची वाहनं. तिथे पॅनेल कितीही चमकलं तरी कुणाचं काही बिघडत नाही. आग्वादचं टोक ओलांडून बोट उत्तरेला वळली की डाव्या हाताला निव्वळ काळोख. त्या काळोखात जाळ्यांचे बोये, म्हणजे तरंगत्या खुणा, असतात, त्यांना दिवा नसतो. एखादी छोटी होडी असते, तिच्यावर फार तर एक बॅटरी. बारा मीटरपेक्षा लहान बोटीचे लाल-हिरवे बाजूदिवे आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे एक सागरी मैलावरून दिसले की पुरे, म्हणजे नियम पाळणारी बोटसुद्धा अंधारात फिकट ठिपक्याएवढीच दिसते. तो ठिपका दिसायचा तर डोळा काळोखाला सरावलेला हवा.

डोळ्याच्या पडद्यात दोन जातींच्या पेशी असतात. शंक्वाकार पेशी दिवसाच्या, रंग ओळखणाऱ्या. दंडाकार पेशी रात्रीच्या. रंग त्यांना कळत नाही, पण अगदी थोडक्या उजेडावर त्या काम करतात. या दंडाकार पेशींत ऱ्होडॉप्सिन नावाचं द्रव्य असतं. 'अ' जीवनसत्त्वापासून शरीर ते बनवतं. प्रखर उजेड पडला की ते क्षणात विरतं आणि काळोखात हळूहळू पुन्हा साठतं. बुबुळाची बाहुली मोठी व्हायला काही सेकंद लागतात, हे द्रव्य भरून यायला मात्र वीस ते तीस मिनिटं. सगळी गोम इथेच आहे: जातं पटकन, येतं सावकाश. तीस मिनिटांची कमाई मीटरच्या पांढऱ्या उजेडाकडे नीट एकदा बघितलं की बरीचशी खर्च होते.

आणखी एक गंमत. पडद्याच्या अगदी मध्यावर, जिथे आपण नजर रोखतो तिथे, दंडाकार पेशी नसतातच. म्हणून अंधारातली फिकट वस्तू रोखून बघितली की गायब होते आणि नजर जरा बाजूला नेली की पुन्हा दिसते. जुने तांडेल, म्हणजे बोट चालवणारे, नाळेकडे (बोटीच्या पुढच्या टोकाकडे) टक लावून बसत नाहीत, नजर सतत आडवी फिरती ठेवतात. त्यांना पेशींचं शास्त्र कुणी शिकवलेलं नाही.

आता लाल दिव्याचा प्रश्न. "रात्री लाल दिवा लाव, डोळा बिघडत नाही" हे सगळेच सांगतात. अर्ध्याहून जास्त खरं आहे. दंडाकार पेशी ५०० नॅनोमीटरच्या आसपासच्या निळसर-हिरव्या उजेडाला सगळ्यांत जास्त दाद देतात, आणि ६२० च्या पुढच्या लाल उजेडाला फारच कमी. उलट साध्या पांढऱ्या एलईडीच्या पोटात ४५० च्या आसपास निळ्याचा मोठा उंचवटा असतो, त्यामुळे तो डोळ्याला सगळ्यांत जास्त टोचतो. तरी माझं मत असं की रंगापेक्षा मात्रा महत्त्वाची. भगभगीत लाल दिवा मिणमिणत्या पांढऱ्यापेक्षा वाईट. शिवाय लाल उजेडात लाल रंग पांढऱ्यात मिसळून जातो. नकाशावर लाल किंवा किरमिजी शाईने छापलेली धोक्याची खूण लाल दिव्याखाली कागदावरून पुसल्यासारखी होते. आपल्याकडे समुद्रातून बंदरात शिरताना डाव्या हाताला लाल बोये असतात. ते नकाशावर लाल शाईने रंगवलेले असले तर लाल दिव्याखाली कोरे दिसतात.

तर मग बटनाने एलईडी मंद का होत नाही? घरातला जुना फॅनचा रेग्युलेटर आठवा, तो भिंतीवरचा काळा डबा, ज्याला हात लावला तर कोमट लागायचा. आत तारेची गुंडाळी असायची. फॅन हळू करायचा तर वीज त्या गुंडाळीतून न्यायची, म्हणजे काही वीज तिथेच उष्णता होऊन संपायची. बोटीच्या जुन्या पॅनेलचं बटनही त्याच घराण्यातलं. त्याला रिओस्टॅट म्हणतात.

हिशेब मांडून बघू. पाच मीटर, प्रत्येकात तीन वॅटचा फिलामेंट बल्ब, एकूण १५ वॅट. १२ व्होल्टवर सव्वा अँपियर. या पाचांचा एकत्र अडथळा साडेनऊ ओहमच्या आसपास. त्यांच्या ओळीत १० ओहमचा रिओस्टॅट टाकला की व्होल्टेज निम्म्यावर येतं. आणि फिलामेंटचा स्वभाव असा, की व्होल्टेज निम्मं झालं तर उजेड निम्मा होत नाही, जेमतेम दहावा हिस्सा उरतो. शिवाय तो पिवळा-नारिंगी होतो, म्हणजे रात्रीच्या डोळ्याला आपोआप सोयीचा. त्या बिचाऱ्या बल्बचे गुण आपण तो काढून फेकल्यावर ओळखले.

एलईडीचं गणित निराळं. एक एलईडी बल्ब समजा ३० मिलिअँपियर घेतो. पाच मिळून १५० मिलिअँपियर, म्हणजे दीडशे हजारांश. १० ओहमच्या रिओस्टॅटमधून एवढीच वीज गेली तर त्याच्यावर पडतात फक्त दीड व्होल्ट. इंजिन चालू असताना अल्टरनेटर १४ व्होल्ट देत असतो, त्यातले दीड गेले तरी साडेबारा उरले. बल्बला पत्ताच लागत नाही. बटन मोडलेलं नव्हतं, त्याच्या तावडीतून गिऱ्हाईक निसटलं होतं.

"मग मोठा रिओस्टॅट टाकू" असं कुणी म्हणेल. टाकून बघा. एलईडीला पेटायला किमान व्होल्टेज लागतं. पांढऱ्याला प्रत्येकी तीनच्या आसपास, आणि बल्बमध्ये सहसा तीन एकामागे एक जोडलेले असतात, म्हणजे नऊ. नऊच्या खाली आलं की एकदम अंधार. पाच बल्ब हुबेहूब सारखे नसतात, त्यामुळे बटन फिरवताना तेलाचा मीटर आधी विझतो, डिझेलचा शेवटपर्यंत जळत राहतो. हे मी मुद्दाम एकदा करून बघितलं आहे. मावसभावाला फार आवडलं, मला नाही.

एलईडीला मंद करायची सरळ वाट म्हणजे उघडझाप. तिला पीडब्ल्यूएम म्हणतात. आपल्या खाजण शेतीच्या बांधात मानस असतं ना, भरतीला पाण्याच्या दाबाने मिटणारं आणि ओहोटीला उघडणारं लाकडी दार, तसं काहीसं. दार एक तर उघडं, नाही तर बंद. दिवसभरात किती पाणी बाहेर गेलं ते दार किती वेळ उघडं राहिलं त्यावर ठरतं. पीडब्ल्यूएम डिमर हेच सेकंदाला शेकडो-हजारो वेळा करतो. एलईडी दर वेळी पूर्ण ताकदीने पेटतो आणि पूर्ण विझतो. डोळा एवढ्या वेगात पोचत नाही, त्याला फक्त सरासरी कळते. वेळेच्या दहा टक्के पेटला तर उजेड दहा टक्के. वाया जाणारी वीज जवळजवळ नाही, म्हणून डिमर गरम होत नाही.

इथे डोळ्याची आणखी एक खोड समजून घ्यावी लागते. मोजमापाने निम्मा केलेला उजेड डोळ्याला निम्मा वाटत नाही, पाऊणएक वाटतो. निम्मा वाटायला तो पाचव्या हिश्श्यावर आणावा लागतो. आणि काळोख्या रात्री समुद्रावर जेवढा हवा तेवढा मंद करायचा तर एक टक्का, कधी त्याच्याही खाली. बाजारातले पुष्कळ डिमर पाच-दहा टक्क्यांवर थांबतात. ते बैठकीच्या खोलीतल्या फॉल्स सीलिंगसाठी बनवलेले, त्यांचा दोष नाही. घेण्याआधी दुकानात दिवा जोडून बटन शेवटपर्यंत आणून बघा, आणि तेही दुकानाच्या उजेडात नाही, हाताची ओंजळ करून तिच्या अंधारात.

उघडझापीचा वेगही बघावा. सेकंदाला दोनशेच्या आसपास असेल तर स्थिर खोलीत चालून जातं, बोटीवर नाही. बोट थरथरते, आपली नजर पॅनेलवरून समुद्राकडे झटकन जाते, आणि एका ठिपक्याच्या जागी ठिपक्यांची माळ दिसते. काहींचं डोकं दुखतं. दोन-तीन हजारांच्या पुढचा वेग असेल तर हा त्रास सहसा होत नाही.

डिमर आणला आणि तरीही उजेड कमी झाला नाही, हा पुढचा अंक. आमच्याकडे तोच झाला. दुकानातून आणलेला डिमर जोडला, बटन फिरवलं, मीटर पूर्वीसारखेच लख्ख. मावसभाऊ पंचा शोधायला लागला. कारण सापडायला मला अर्धा तास लागला, तेव्हा तुमचा वाचवतो. एलईडीच्या पट्ट्यांसाठी मिळणारे स्वस्त डिमर बहुतेक प्लसची वायर सरळ पुढे जाऊ देतात आणि उघडझाप मायनसवर करतात. पट्टीला ते चालतं. पण इंजिनच्या मीटरमध्ये बल्बचा मायनस अनेकदा मीटरच्या धातूच्या अंगालाच जोडलेला असतो, आणि त्या अंगाला स्वतःची अर्थिंगची वायर असते. वीज डिमरच्या दारात जाऊन रांग कशाला लावेल? मागच्या दाराने अर्थिंगमधून निघून जाते.

ओळखायचं असं. मल्टिमीटर, म्हणजे वीज तपासायचं यंत्र, बीपवर ठेवा (वायर सलग असली की वाजतं), डिमरला बॅटरी न जोडता. आत येणारा प्लस आणि बाहेर जाणारा प्लस यांना टोकं लावली आणि बीप वाजली, तर तो मायनसवर उघडझाप करणारा, आपल्या कामाचा नाही. आत येणारा मायनस आणि बाहेरचा मायनस यांच्यात बीप वाजली तर प्लसवरचा, तो घ्यावा. दुकानदाराला विचारून उपयोग नाही. तो "सगळं चालतं साहेब" म्हणतो.

जोडणीत तीन गोष्टींवर मी अडून बसतो. पहिली, डिमरच्या वायरीवर फक्त मीटरांतले उजेडाचे बल्ब असावेत. मीटर चालवणारी वीज त्यातून गेली तर काटे वेडेवाकडे नाचतात किंवा शांतपणे चुकीचं दाखवतात, आणि दुसरं जास्त वाईट. पुष्कळ बोटींवर पॅनेलचा उजेड बाजूदिव्यांच्या बटनावरूनच घेतलेला असतो. तिथे फाटा फुटल्यानंतर डिमर बसवा, आधी बसवलात तर पॅनेलबरोबर लाल-हिरवे दिवेही मंद होतील आणि समोरच्याला तुम्ही दिसणार नाही. दुसरी, तेलाचा दाब आणि इंजिनची उष्णता यांचे धोक्याचे दिवे डिमरवर कधीच नकोत. ते डोळ्यांत खुपले तरी चालतील, खुपण्यासाठीच आहेत. आणि तिसरी म्हणजे फ्यूज, जिथून वीज घेतली त्याच्या जवळ. पाच एलईडींना एक अँपियरचा पुरेसा असतो. काम करताना बॅटरीचं मुख्य बटन बंद. मोठ्या ट्रॉलरवर बहुधा २४ व्होल्ट असतात, तिथे १२ चा डिमर लावला तर धूर निघायला वेळ लागत नाही.

आपल्या खाऱ्या हवेत साध्या तांब्याची वायर दोन पावसाळ्यांत आतून काळी पडते, म्हणून टिनचा मुलामा असलेली घ्यावी, आणि जोड आतून गोंद असलेल्या, तापवली की आवळणाऱ्या श्रिंक नळीत बंद करावेत. बल्बचे होल्डर काढले की हिरवट गंज दिसतोच. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा हे सगळं आरामात करता येतं.

बल्ब निवडताना एक फसगत हमखास होते. जुन्या मीटरांत बल्बवर हिरवी किंवा निळी टोपी असते. लाल उजेड हवा म्हणून त्या टोपीखाली लाल एलईडी घातला की मीटर काळाठिक्कर. हिरवी टोपी लाल उजेड अडवतेच, तिचं कामच ते. टोपी तरी काढा, नाही तर आत पिवळसर पांढरा एलईडी घाला. शिवाय एलईडीला सुलट-उलट असतं. पेटला नाही तर फेकण्याआधी फिरवून बसवा. काही महाग बल्बांच्या आत स्वतःचा नियंत्रक असतो, १० ते ३० व्होल्टवर सारखाच पेटणारा. हे बल्ब डिमरवर नीट मंद होत नाहीत, लुकलुकतात. महाग म्हणजे चांगला हे इथे लागू नाही.

मीटर आटोपले, पण हल्ली खरा गुन्हेगार पडदा असतो. मासे शोधायच्या यंत्राचा किंवा जीपीएसचा. रात्रीचा रंग निवडायची सोय बहुतेकांत असते, ती शोधून वापरा. तरीही सगळ्यांत खालच्या पायरीवर तो जास्तच चमकत असेल तर लोक आकाशकंदिलाचा लाल जिलेटिन कागद चिकटवतात. दिवाळीनंतर घरात उरलेला असतो, फुकटचा उपाय. पण पडद्यावर खोली निळ्या छटांनी दाखवलेली असते आणि लाल कागदाखाली त्या सगळ्या एकसारख्या काळ्या होतात. शापोऱ्याच्या मुखाशी वाळूचा दांडा आहे, तिथे खोलीच्या छटा न दिसणं मला परवडणार नाही. त्यापेक्षा गाडीच्या काचेवर लावायची काळी फिल्म एका पातळ ॲक्रिलिकच्या तुकड्यावर चिकटवून तो पडद्यापुढे अडकवावा. ती सगळे रंग सारखेच मंद करते. दिवसा काढून ठेवायचा.

केबिनला पुढे काच असेल तर पॅनेलचं प्रतिबिंब तिच्यावर पडतं आणि समुद्राऐवजी स्वतःचे मीटर दिसत राहतात. पॅनेलवर चार बोटं पुढे आलेली काळी पट्टी ठोकली की हे थांबतं. एवढं सोपं आहे, तरी कुणी करत नाही.

होकायंत्राच्या दिव्याबद्दल एक खबरदारी. वायरीतून वीज गेली की तिच्याभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं, आणि होकायंत्राची सुई त्याला ओळखते. म्हणून त्या दिव्याच्या दोन्ही वायरी एकमेकींना दोरखंडासारख्या पिळून न्याव्यात. जाणारी आणि येणारी वीज एकमेकींचा परिणाम खोडून काढते. दिवा चालू-बंद करून सुई हलते का ते बघा.

पिळण्याचा दुसरा फायदा रेडिओला. उघडझाप करणारं कुठलंही यंत्र थोडाफार विद्युत गोंगाट करतं आणि लांब सुटी वायर त्याचा अँटेना बनते. हा गोंगाट व्हीएचएफ रेडिओत, म्हणजे बोटीवरच्या बोलायच्या रेडिओत, घुसतो. २०१८ साली अमेरिकेच्या तटरक्षक दलाने एलईडी दिव्यांमुळे रेडिओ बहिरा होण्याबद्दल खास सूचना काढली होती आणि त्यात दिलेली चाचणी घरी करण्यासारखी आहे. एलईडी बंद ठेवून रेडिओ एका शांत चॅनलवर लावा. स्क्वेल्चचं, म्हणजे खरखर दाबायचं, बटन फिरवून खरखर ऐकू येईपर्यंत आणा, मग खरखर जेमतेम बंद होईल इतकंच परत फिरवा. आता एलईडी आणि डिमर लावा. खरखर सुरू झाली तर तुमचे दिवे रेडिओ बुजवताहेत. डिमरचं बटन सगळीकडे फिरवून बघा, कारण कधी कधी पूर्ण उजेडात शांतता असते आणि अर्ध्यावर गोंगाट. आमच्याकडे तसंच झालं. डिमर रेडिओपासून हातभर लांब नेला, वायरी पिळल्या, त्यावर गोंगाट अडवणारा फेराइटचा मणी अडकवला, तेव्हा कुठे १६ नंबर मोकळा झाला. मदतीची हाक त्याच चॅनलवर येते.

शेवटी उजेड किती ठेवायचा? दुपारी जेटीवर बसून ते ठरत नाही. अमावस्येच्या आसपास, किनाऱ्यापासून जरा दूर जाऊन, सगळं विझवून वीस मिनिटं बसायचं. मग बटन शून्यावरून वर न्यायचं आणि काटा जेमतेम वाचता आला की थांबायचं. एप्रिल आणि मे या महिन्यांत संध्याकाळनंतर सप्तर्षी उत्तरेला वर असतात. त्यातल्या वसिष्ठाशेजारची अरुंधती शोधा. लग्नात नवरीला दाखवतात ती. मीटर वाचून नजर वर नेल्यावर ती लगेच दिसली तर उजेड बरोबर. वसिष्ठ एकटाच दिसला तर बटन अजून खाली. चष्म्याचा नंबर बदललेला असेल तर हा दोष पॅनेलवर घालू नये.

मावसभावाची जागा अशी ठरली, आणि ती लक्षात राहावी म्हणून त्याने बायकोच्या लाल नेलपॉलिशचा ठिपका डिमरच्या पांढऱ्या बटनावर दिला. सुकाणूच्या वर आम्ही एक छोटा लाल दिवा लावला आहे, वहीत नोंद करायला. पहिल्याच रात्री तो लावला आणि ठिपका गायब. त्याने मला फोन केला, "दादा, रंग उडाला." उडाला नव्हता. दुसऱ्या दिवशी त्याने कानशीने तिथे एक खाच पाडली, आता अंगठ्याला लागते.